लॉगमध्ये सगळीकडे शून्य, पण सॉफ्टवेअर जुनेच: विंडोजवरील सायलेंट इन्स्टॉल आणि त्याच्या नोंदी

खिडकीपाशी | सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार. मी एका तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात संगणक प्रयोगशाळा सांभाळतो. प्रयोगशाळेत ४२ संगणक आहेत, काहींवर विंडोज १० आहे, काहींवर ११. डोमेन (एका सर्व्हरवरून सगळे संगणक सांभाळण्याची व्यवस्था) नाही, साधा वर्कग्रुप आहे. दर सत्राच्या सुरुवातीला आम्ही दोघे पेनड्राइव्ह घेऊन प्रत्येक संगणकासमोर बसतो आणि ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ करत तीन दिवस घालवतो. या वेळी मी एक बॅच फाइल, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या आज्ञांची यादी, लिहिली. ती लिबरऑफिस, पायथन, व्हीएस कोड, सेव्हन-झिप आणि व्हीएलसी एका फॉर लूपमधून, म्हणजे कंसांच्या आत, एकेक करून सायलेंट, म्हणजे काहीही न विचारता, बसवते आणि प्रत्येकाच्या शेवटी एररलेव्हलचा अंक (शून्य म्हणजे यश) नोंदवहीत लिहिते. व्हीएस कोडसाठी मात्र मी कुठेतरी मिळालेली पॉवरशेलची (विंडोजच्या नव्या आज्ञा-भाषेची) एक ओळ तशीच वापरली आहे, तीत स्टार्ट-प्रोसेस (प्रोग्रॅम सुरू करा) आणि वेट (संपेपर्यंत थांबा) असे दोन्ही आहे.

परवा संध्याकाळी एका सुट्या संगणकावर चाचणी घेतली, सगळे सुरळीत झाले. आज सकाळी साडेनऊला पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. प्रत्येक ठिकाणी ॲडमिन म्हणून फाइल सुरू करायची आणि पुढच्या संगणकाकडे जायचे, असा क्रम ठेवला. दुपारी तपासले तेव्हा तीन गोष्टी आढळल्या.

पहिल्या रांगेतील नऊही संगणकांवर लिबरऑफिसची जुनीच आवृत्ती आहे, पण नोंदवहीत त्यापुढे शून्य लिहिलेले आहे. त्याच नऊ ठिकाणी माझी ‘नोंद_’ या नावापुढे वेळ आणि टीएक्सटी अशी जी फाइल तयार व्हायला हवी, ती नाही. तिच्याऐवजी ‘नोंद_’ एवढ्याच नावाची, एक्स्टेंशन नसलेली फाइल आहे. आणि काही संगणकांवर व्हीएस कोड उघडून स्क्रिप्ट तिथेच थांबली होती, काहींवर मात्र ती आपोआप पुढे गेली.

प्रात्यक्षिक परीक्षा आठ दिवसांवर आहे. पहिल्या रांगेला जोडलेला नेटवर्क स्विच जुना आहे, त्याच्यावर संशय घ्यावा का?

---

पुणेरी_पोर्ट | सोमवार, रात्री १०:२०

स्विचच बदला. एका रांगेतील सगळे संगणक फसतात याचा दुसरा अर्थ काय असणार? शेअर्ड फोल्डरमधून फाइल अर्धवट येत असेल.

---

टर्मिनलवाली | सोमवार, रात्री ११:०५

स्विचला इतक्यात हात लावू नका. फाइल अर्धवट आली असती तर सेव्हन-झिप आणि व्हीएलसीनेही कुठेतरी मान टाकली असती, आणि नोंदवहीच्या नावातले शेपूट स्विच कापू शकत नाही. कृपया दोन गोष्टी सांगा. त्या ‘नोंद_’ फाइलमधली एक ओळ जशीच्या तशी इथे उतरवा, आणि फाइलच्या नावात वेळ नेमकी कशी घालता तेही लिहा. पहिल्या रांगेत पडद्यावर काही चौकट आली होती का, हेही आठवून पाहा.

---

खिडकीपाशी | मंगळवार, सकाळी ७:४०

ताई, ओळ अशी आहे:

लिबरऑफिस ०  ९-३२.टीएक्सटी

वेळ घेताना मी टाइम या व्हेरिएबलची पहिली पाच अक्षरे घेतो आणि कोलनच्या जागी आडवी रेघ घालतो, कारण फाइलच्या नावात कोलन चालत नाही. आणि हो, चौकट आली होती. विंडोज इन्स्टॉलरचे स्विच (आज्ञेसोबत द्यायचे पर्याय) कसे वापरावेत याची माहिती देणारी ती चौकट होती. प्रत्येक वेळी ओके दाबून मी ती बंद केली. काहीतरी सूचना असेल असे वाटले.

---

टर्मिनलवाली | मंगळवार, सकाळी ९:१५

त्या ओळीच्या शेवटी आलेले ‘९-३२.टीएक्सटी’ हेच उत्तर आहे. नेटवर्क स्विच निर्दोष आहे. तुम्ही सकाळी दहाच्या आधी सुरुवात केलीत, एवढाच त्या रांगेचा दोष.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये टाइम हे व्हेरिएबल सकाळी दहापूर्वी तासाच्या आधी शून्य न ठेवता एक मोकळी जागा ठेवते. संध्याकाळी सहा वाजता तुम्हाला ‘१८-०५’ मिळते, सकाळी साडेनऊला मिळते ते ‘ ९-३२’, म्हणजे पहिले अक्षर स्पेस. ही स्पेस फाइलच्या नावात गेली, आणि तुम्ही नावाभोवती अवतरणचिन्हे घातलेली नसणार. मग एकोने (मजकूर छापणाऱ्या आज्ञेने) आपली ओळ ‘नोंद_’ या फाइलमध्ये ओतली आणि स्पेसनंतरचा ‘९-३२.टीएक्सटी’ हा भाग छापायच्या मजकुराचाच एक तुकडा समजून ओळीच्या शेवटी जोडून दिला. म्हणून फाइलला एक्स्टेंशन नाही आणि ओळीला शेपूट आहे.

तेच एमएसआयएक्झेकच्या (एमएसआय प्रकारचे इन्स्टॉलर बसवणाऱ्या विंडोजच्या प्रोग्रॅमच्या) बाबतीत घडले. लॉगचा पत्ता स्पेसपाशी तुटला, उरलेला ‘९-३२.लॉग’ हा तुकडा त्याला ना स्विच म्हणून समजला ना प्रॉपर्टी (इन्स्टॉलरला द्यायची किंमत) म्हणून. आज्ञाच अवैध ठरली, आणि ती मदतीची चौकट उघडली. तुम्ही नऊ वेळा ओके दाबून जी बंद केलीत, ती चूक सांगायलाच आली होती. अशा वेळी एक्झिट कोड (प्रोग्रॅम संपताना देतो तो अंक) १६३९ येतो. चाचणी संध्याकाळी घेतल्यामुळे हे उघड झाले नाही, आणि दहानंतरचे संगणक आपोआप सुटले.

आता प्रश्न उरतो की १६३९ आला असताना नोंदवहीत शून्य कसे. बॅच फाइल कंसांतला सगळा गट एकदम वाचते, आणि टक्क्याच्या चिन्हांतले व्हेरिएबल त्याच क्षणी, म्हणजे आतले काहीही चालण्यापूर्वी, किमतीने बदलून टाकते. त्या क्षणी एररलेव्हल शून्य होता, तोच प्रत्येक ओळीत शिक्क्यासारखा उमटला. लिबरऑफिसच काय, पाचही ठिकाणी काहीही झाले असते तरी तुमच्या नोंदवहीने शून्यच लिहिले असते. सुरुवातीला सेटलोकल एनेबलडिलेडएक्स्पान्शन लिहून, लूपच्या आत टक्क्याऐवजी उद्गारचिन्हांत एररलेव्हल लिहिलात तर खरा अंक मिळेल. किंवा प्रत्येक इन्स्टॉलेशन वेगळ्या लेबलखाली ठेवून कॉल करा. मला स्वतःला ते वाचायला अधिक सोपे वाटते.

जाता जाता: ‘इफ एररलेव्हल १’ याचा अर्थ एक किंवा त्याहून मोठा असा होतो, नेमका एक असा नाही. आणि अंकाला चिकटून ‘पेक्षा मोठे’ची दोन चिन्हे (मजकूर फाइलकडे वळवणारी, म्हणजे रिडायरेक्शनची) लिहिली, तर तो अंक छापला जात नाही, कोणता प्रवाह वळवायचा त्याचा क्रमांक समजला जातो. तुम्ही मध्ये स्पेस ठेवली होती म्हणून निदान शून्य तरी दिसले.

---

निवृत्त_सिस्टिमवाला | मंगळवार, दुपारी १२:३०

टर्मिनलवालींनी निदान अचूक केले आहे. व्हीएस कोडचे कोडे मी सोडवतो, कारण त्यात माझीही एक अख्खी दुपार गेली होती.

व्हीएस कोडचा इन्स्टॉलर इनो सेटअपवर (इन्स्टॉलर तयार करण्याच्या एका साधनावर) बांधलेला आहे. व्हेरी-सायलेंट हा स्विच दिला तरी काम संपल्यावर तो व्हीएस कोड सुरू करतो, कारण ‘नंतर प्रोग्रॅम उघडा’ हे त्याच्या कामांच्या यादीतले एक काम आहे. पॉवरशेलमधील स्टार्ट-प्रोसेसला वेट दिले की ते केवळ इन्स्टॉलर संपेपर्यंत थांबत नाही, त्याने जन्माला घातलेल्या सगळ्या प्रोसेस संपेपर्यंत थांबते. म्हणून व्हीएस कोडची खिडकी उघडी असेपर्यंत तुमची स्क्रिप्ट अडून राहिली. काही संगणकांवर ती ‘आपोआप’ पुढे गेली म्हणता, तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या कोणीतरी ती खिडकी बंद केली असणार. उपाय एवढाच की मर्जटास्क्स या स्विचला उद्गारचिन्हासह रनकोड ही किंमत द्यावी, म्हणजे ते काम यादीतून वगळले जाते.

व्हीएस कोडचे दोन इन्स्टॉलर मिळतात, हेही तपासा. यूजर सेटअप फक्त ज्याच्या खात्यातून चालवला त्याच्या प्रोफाइलमध्ये बसतो. तुम्ही तो ॲडमिनच्या खात्यातून चालवला असेल तर परीक्षेच्या दिवशी विद्यार्थ्याच्या खात्यात व्हीएस कोड दिसणारच नाही, आणि लॉग मात्र खरोखरच शून्य सांगत असेल. प्रयोगशाळेसाठी सिस्टिम सेटअप हवा.

बाकी इन्स्टॉलरांचे कूळ ओळखायला शिका, त्याशिवाय सायलेंट स्विच पाठ करण्यात अर्थ नाही. एमएसआय असेल तर /क्यूएन, /नोरीस्टार्ट आणि /एल*व्ही. इनो सेटअप असेल तर व्हेरी-सायलेंट, सप्रेसमेसेजबॉक्सेस, नोरीस्टार्ट आणि लॉग. व्हीएलसी, नोटपॅड++ ही मंडळी एनएसआयएस या तशाच दुसऱ्या साधनाची. तिथे /एस हे अक्षर मोठ्या लिपीतलेच लागते, लहान एस दिले तर इन्स्टॉलर खुशाल आपली खिडकी उघडतो. एनएसआयएसमध्ये फोल्डर सांगणारा /डी सर्वांत शेवटी यावा लागतो आणि त्याला अवतरणचिन्हे चालत नाहीत, वाटेत स्पेस असली तरीही. काल ज्या अवतरणचिन्हांच्या अभावाने घात केला तीच इथे नको असतात, हा खास विंडोजी न्याय. शिवाय एनएसआयएस सहसा स्वतःचा लॉग लिहीत नाही, त्यामुळे तिथे तुमच्या स्क्रिप्टची नोंद हाच एकमेव पुरावा उरतो.

---

पुणेरी_पोर्ट | मंगळवार, दुपारी १:१०

स्विचबद्दलचे माझे म्हणणे मागे घेतो. पण इतका खटाटोप कशाला? विंगेट आहे ना, सॉफ्टवेअर स्वतः उतरवून बसवणारे विंडोजचे साधन. एक इम्पोर्ट फाइल दिली की सगळे आपोआप येते.

---

खिडकीपाशी | मंगळवार, दुपारी २:००

विंगेट घरी वापरतो, उत्तम आहे. पण इथे प्रत्येक संगणक आपापली प्रत इंटरनेटवरून उतरवू लागला, तर आमची लाइन दिवसभर त्यातच अडकेल आणि कार्यालयातून फोन सुरू होतील. इन्स्टॉलर एकदा उतरवून शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवणेच परवडते.

आता सगळे पॉवरशेलमध्ये नव्याने लिहावे असे म्हणतो. नोंदी नीट कशा ठेवाव्यात?

---

टर्मिनलवाली | मंगळवार, रात्री १०:३०

पॉवरशेलमध्ये लिहा, फक्त तिथले खड्डे वेगळे आहेत एवढे ध्यानात असू द्या.

पहिला खड्डा एक्झिट कोडचा. स्टार्ट-प्रोसेस वापरले तर लास्टएक्झिटकोड हे व्हेरिएबल भरले जात नाही. त्यात मागच्या कुठल्यातरी आज्ञेचा अंक शिळा पडून असतो. स्टार्ट-प्रोसेसला वेटसोबत पासथ्रू द्या, परत आलेली वस्तू एका व्हेरिएबलमध्ये धरा आणि तिची एक्झिटकोड ही प्रॉपर्टी वाचा. एमएसआयएक्झेक नुसतेच लिहिले तर पॉवरशेल त्याच्यासाठी थांबत नाही, पुढची ओळ लगेच सुरू करते. मग दुसरा एमएसआय पहिल्यावर आदळतो आणि १६१८ मिळतो, म्हणजे ‘एक इन्स्टॉलेशन आधीच चालू आहे’. विंडोज एका वेळी एकच एमएसआय पुढे जाऊ देते, तेव्हा १६१८ ला अपयश न मानता मिनिटभर थांबून पुन्हा प्रयत्न करावा, पाच वेळा वगैरे.

म्हणजे ‘शून्य असेल तर यश, अन्यथा अपयश’ हा नियम पुरत नाही. ३०१० म्हणजे काम झाले आहे, संगणक एकदा रीस्टार्ट करायचा आहे. १६४१ म्हणजे तेच, पण रीस्टार्ट इन्स्टॉलरने स्वतःच सुरू केला आहे. १६३८ म्हणजे त्या उत्पादनाची दुसरी आवृत्ती आधीच आहे. व्हिज्युअल सी++चे रीडिस्ट्रिब्युटेबल बसवताना हा हमखास येतो, कारण नवे आधीच बसलेले असते, आणि तिथे तो काळजीचा विषय नाही. १६०३ हा मात्र पाटीच नसलेला दरवाजा आहे. ‘काहीतरी गंभीर बिघडले’ एवढेच तो सांगतो, कारण शोधायला एमएसआयचा सविस्तर लॉगच उघडावा लागतो.

तो लॉग वरून खाली वाचत बसू नका, हजारो ओळी असतात. ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ हे इंग्रजी शब्द शोधा. ते पहिल्यांदा जिथे येतात त्याच्या वरच्या दहा-वीस ओळींत बहुधा खरे कारण सापडते. शोधताना फाइंडस्ट्र (कमांड प्रॉम्प्टमधील शोधाची आज्ञा) वापरू नका. एमएसआयचा लॉग यूटीएफ-१६ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत) असतो आणि फाइंडस्ट्रला ती फाइल वाचता येत नाही, त्यामुळे शब्द असूनही ‘नाही’ असे उत्तर मिळते. पॉवरशेलच्या सिलेक्ट-स्ट्रिंगला ती नीट वाचता येते.

दुसरा खड्डा वेळेचा, तो तुम्ही पाहिलाच आहे. गेट-डेटला (वेळ देणाऱ्या आज्ञेला) फॉरमॅट देऊन वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद अशा क्रमाने सलग अंक घ्या. शून्य गाळले जात नाही, आणि नावावरून लावल्या तरी फाइली कालक्रमाने लागतात.

तिसरा खड्डा खास आपल्यासाठी. नोंदवहीत ‘यशस्वी’, ‘पुन्हा सुरू करणे आवश्यक’ असे मराठीत लिहिणार असाल, तर स्क्रिप्टची फाइल यूटीएफ-८ मध्ये बीओएमसह (एन्कोडिंग सांगणाऱ्या सुरुवातीच्या खुणेसह) जतन करा. विंडोजसोबत येणारे पॉवरशेल ५.१ बीओएम नसलेली फाइल जुन्या एन्कोडिंगची समजते, आणि तुमच्या ‘यशस्वी’चे कडबोळे होऊन बाहेर पडते. त्याच आवृत्तीत आउट-फाइल यूटीएफ-१६ लिहिते आणि ॲड-कंटेंट नवी फाइल जुन्या कोडपेजमध्ये (विंडोजच्या जुन्या एन्कोडिंगमध्ये). दोन्ही एकाच फाइलवर वापरले की अर्धी नोंदवही सरळ आणि अर्धी अगम्य होऊ शकते. एकच आज्ञा निवडा आणि दर वेळी एन्कोडिंग स्पष्ट लिहा.

आणि ४२ संगणकांना शेअर्ड फोल्डरमधील एकाच फाइलमध्ये लिहायला लावू नका. दोघे एकाच क्षणी आले की एकाला फाइल दुसऱ्याने अडवलेली सापडते आणि त्याची ओळ हरवते. प्रत्येकाने आपल्या नावाची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली फाइल) लिहावी, त्या संध्याकाळी एकत्र कराव्यात.

---

निवृत्त_सिस्टिमवाला | बुधवार, सकाळी ११:००

यात माझी एक भर, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एक्झिट कोड हे इन्स्टॉलरचे स्वतःबद्दलचे म्हणणे आहे. नोंदवहीत त्याच्या शेजारी तुमची स्वतःची पाहणीही हवी, आणि ती फाइल आहे की नाही एवढ्यावर भागत नाही. तुमच्या पहिल्या रांगेत लिबरऑफिसची फाइल होतीच, फक्त मागच्या सत्रातली.

रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातील) अनइन्स्टॉल या की-खाली प्रत्येक सॉफ्टवेअरचे डिस्प्लेनेम आणि डिस्प्लेव्हर्जन असते. चौसष्ट बिटी आणि बत्तीस बिटी सॉफ्टवेअरसाठी दोन वेगळ्या जागा आहेत, दुसरी वाऊ६४३२नोडच्या खाली, दोन्हीकडे पाहा. यासाठी विन३२_प्रॉडक्ट या डब्ल्यूएमआय (विंडोजची संगणकाबद्दल माहिती देणारी यंत्रणा) क्लासला विचारण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळा. ती चौकशी यादी देता देता संगणकावरील प्रत्येक एमएसआयची सुसंगती तपासते आणि गरज वाटली तर दुरुस्तीही करू लागते. यादी मागितली आणि घरभर सुतारकाम सुरू झाले, असा तो प्रकार आहे.

पायथन तपासताना आणखी एक फसगत होते. इन्स्टॉलरने पाथ (विंडोज प्रोग्रॅम जिथे शोधते त्या फोल्डरांची यादी) बदलला तरी आधीपासून चालू असलेल्या तुमच्या स्क्रिप्टला जुनाच पाथ माहीत असतो. त्यातून ‘पायथन’ अशी आज्ञा दिली, तर विंडोज कधीकधी चक्क मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडते, कारण त्या नावाचा एक पोकळ दुवा आधीच ठेवलेला असतो. पायथनचा पूर्ण पत्ता देऊन आवृत्ती विचारा.

लॉगमध्ये काय उरते याकडेही लक्ष असू द्या. एमएसआयला प्रॉपर्टी म्हणून परवाना-क्रमांक किंवा पासवर्ड दिला आणि पॅकेज बनवणाऱ्याने ती प्रॉपर्टी लपवलेली नसेल, तर सविस्तर लॉगमध्ये तो साध्या अक्षरांत उतरतो. तुमच्या यादीतली पाचही सॉफ्टवेअर मोफत आहेत, म्हणून आज प्रश्न नाही. पण लॉगचा फोल्डर विद्यार्थ्यांना वाचता येणारा नसावा.

एक गंमत म्हणून सांगतो. एमएसआयचा लॉग प्रत्येक वेळी आपोआप तयार व्हावा यासाठी रजिस्ट्रीतील इन्स्टॉलरच्या पॉलिसीत लॉगिंग नावाची किंमत देता येते, आणि तिथे लिहायची अक्षरे ‘व्हॉइसवॉर्मअपएक्स’ अशी जुळतात. गायकाचा रियाज वाटावा असा शब्द आहे, पण त्यातले प्रत्येक अक्षर लॉगमधील एकेका प्रकारच्या नोंदीसाठी आहे. त्यामुळे तो एकदा वाचला की विसरत नाही. शोध संपल्यावर ही किंमत काढून टाका, नाहीतर टेम्प फोल्डर भरत राहतो.

---

खिडकीपाशी | शुक्रवार, संध्याकाळी ६:४५

ताई, काका, दोघांचेही मनापासून आभार. नवी स्क्रिप्ट आज सकाळी मुद्दाम सव्वानऊला, पहिल्या रांगेपासूनच सुरू केली. ती आधी रजिस्ट्रीतील आवृत्ती पाहते, अपेक्षित असेल तर ‘आधीच आहे’ असे लिहून पुढे जाते. नसेल तर बसवते, कोड नोंदवते आणि पुन्हा आवृत्ती वाचून शेजारच्या रकान्यात लिहिते. संगणकाचे नाव, सॉफ्टवेअर, आधीची आवृत्ती, कोड, नंतरची आवृत्ती, सुरुवात आणि शेवट असे सात रकाने आहेत.

व्हीएस कोडच्या बाबतीत काकांची शंका खरी निघाली. मी यूजर सेटअपच उतरवला होता आणि सगळीकडे ते ॲडमिनच्या खात्यातच बसले होते. ते काढून सिस्टिम सेटअप बसवला आणि विद्यार्थ्याच्या खात्यातून उघडून पाहिले.

दुपारी दोनपर्यंत ४२ सीएसव्ही एकत्र झाल्या. क्रमांक ३१ च्या संगणकाने दोनदा १६१८ दिला, तिसऱ्या प्रयत्नाला शून्य. एकट्या क्रमांक ६ ने लिबरऑफिससाठी ३०१० दिला. जाऊन पाहिले तर कोणीतरी जुन्या रायटरमध्ये अर्धवट टंकलेला रजेचा अर्ज उघडा ठेवून गेले होते, त्यामुळे वापरात असलेल्या फाइली बदलायला रीस्टार्टची वाट पाहावी लागली. अर्ज डेस्कटॉपवर जतन केला, संगणक रीस्टार्ट केला, आता तिथेही नवी आवृत्ती आहे. अर्जावर नाव नाही, तारीख मात्र परीक्षेच्या दिवसाची आहे.